इनुइट मौखिक परंपरा व तिचे जतन

ग्रीनलंड, उत्तर कॅनडा व अलास्का येथील इनुइट लोकांत दंतकथा, गाणी, स्थलनामे आणि बर्फ-शिकारीचे ज्ञान तोंडी सांगत आलेली परंपरा, तसेच ते टिपून ठेवण्याचे अठराव्या शतकापासूनचे प्रयत्न. रशियातील चुकोत्का द्वीपकल्पावरील युपिक हा याच कुळातला जवळचा समूह आहे. या सर्वांची मिळून लोकसंख्या सुमारे १,८०,००० मानली जाते. जुन्या मराठी ग्रंथांतील ‘एस्किमो’ ही संज्ञा आता बहुतेक ठिकाणी टाळतात.

कथांचे प्रकार : पूर्व कॅनडातील इनुक्टिटुट भाषेत फार पूर्वीच्या कथांना उनिक्काक्तुआत आणि अलीकडच्या, माहितीतल्या माणसांच्या हकिकतींना उनिक्कात म्हणतात. ग्रीनलंडमध्ये ओकालुत्तुआत व ओकालुआलारुतित असा असाच भेद आहे. (या शब्दांतील काही ‘क’ घशाच्या पार मागून, उर्दूतील क़सारखे उच्चारले जातात, देवनागरीत ते नीट उतरत नाहीत.) जुनी कथा शक्यतो ठरलेल्या शब्दांतच सांगायची असा दंडक होता आणि सांगणारा चुकला तर ऐकणारे टोकत, असे एकोणिसाव्या शतकातील ग्रीनलंडविषयक लेखनात आढळते. स्वतः रचलेले गाणे ही रचणाऱ्याची मालमत्ता. दुसऱ्याचे गाणे म्हणताना मूळ धन्याचे नाव घेण्याची रीत होती. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या स्त्रीची कथा जवळपास सर्वत्र आढळते. बाप तिची बोटे तोडतो आणि त्या पेरांचे सील व वॉलरस होतात. कॅनडातील बॅफिन बेटावर मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने तिचे नाव ‘सेडना’ असे नोंदवले (क्षेत्रकार्य १८८३–८४) व तेच जगभर रूढ झाले. इतरत्र ती नुलियायुक किंवा सास्सुमा आर्ना आहे.

ऐतिहासिक विश्वसनीयता : १८६१ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा अमेरिकन प्रवासी बॅफिन बेटाच्या दक्षिणेस असताना एका अतिशय वृद्ध स्त्रीने त्याला सांगितले, की फार पूर्वी गोरे लोक लागोपाठच्या वर्षांत आले, दरवेळी जहाजे वाढत गेली आणि त्यांतली पाच माणसे मागे राहिली. इंग्रज दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशरच्या १५७६–७८ मधील तीन सफरी आणि पहिल्या सफरीत बेपत्ता झालेले त्याचे पाच खलाशी यांच्याशी हे जुळते. ‘गोऱ्यांचे बेट’ अशा अर्थाच्या कोडलुनार्न बेटावर हॉलला खणलेले चर, कोळसा व कौलांचे तुकडेही मिळाले. मध्ये जवळजवळ २८५ वर्षे गेली होती. आर्क्टिकमध्ये नाहीशी झालेल्या ब्रिटिश फ्रँकलिन मोहिमेच्या (१८४५) अखेरीविषयी प्रवासी जॉन रे याने १८५४ मध्ये इनुइटांकडून आणलेली माहिती (भुकेल्या खलाशांनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले) मात्र इंग्लंडमध्ये झिडकारली गेली. झिडकारणाऱ्यांत कादंबरीकार चार्ल्स डिकन्सही होता. पुढे सापडलेल्या हाडांवरील सुरीच्या खुणांनी तिला दुजोरा मिळाला. ‘एरेबस’ (सापडले २०१४) व ‘टेरर’ (२०१६) ही त्या मोहिमेची जहाजे शोधतानाही स्थानिक आठवणी व माहिती उपयोगी पडली.

लेखन व लिपीचा वाद : कॅनडाच्या पूर्व भागात या कथा ज्या अक्षरलिपीत उतरल्या ती मूळची इनुइटांची नव्हे. जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास कॅनडातील नॉर्वे हाउस येथे क्री या तिथल्या आदिवासींच्या भाषेसाठी ती सिद्ध केली. पुढे हॉर्डन व वॉटकिन्स या मिशनऱ्यांनी ती इनुक्टिटुटला लावली आणि एडमंड पेक याने १८७६ नंतर तिचा प्रसार केला. तिच्यात आकृतीवरून व्यंजन आणि आकृतीच्या दिशेवरून स्वर कळतो. टोक वर असेल तर ‘पि’, उजवीकडे असेल तर ‘पु’, डावीकडे असेल तर ‘पा’. म्हणजे बाराखडी काना-मात्रांऐवजी अक्षर फिरवून साधलेली. ज्याच्यापुढे स्वर नाही असे व्यंजन लहान आकारात वर लिहितात.

हिचे मूळ देवनागरीत असल्याचे एक मत आहे व मराठी वाचकाला ते साहजिकच आकर्षक वाटेल. शिरोरेघ काढून व अक्षर फिरवून पाहिल्यास काही आकृत्या देवनागरीशी जुळतात आणि भारतातील मिशनऱ्यांची छापील पुस्तके एव्हान्सच्या पाहण्यात आली असणे शक्य आहे, असा हा युक्तिवाद. दुसरे मत पिटमनच्या लघुलिपीकडे (शॉर्टहँड, १८३७) बोट दाखवते. एव्हान्स दीर्घ स्वरासाठी रेघ जाड करी आणि पिटमनच्या पद्धतीतही जाड-बारीक रेघेला अर्थ आहे. अमेरिकेतील चेरोकी आदिवासींच्या अक्षरलिपीचे उदाहरणही त्याच्या काळात परिचित होते. खुद्द क्री लोकांच्या परंपरेत ही अक्षरे त्यांच्यातल्याच एका पुरुषाला आत्मलोकातून मिळाली असे सांगतात. देवनागरीत व्यंजनात ‘अ’ अंगभूत असतो. एव्हान्सच्या पद्धतीत असा गृहीत स्वर नाही. त्यामुळे रचनेपुरते तरी लघुलिपीचे पारडे जड वाटते; काही आकार देवनागरीतून आले असणे अशक्य नाही. १९७६ च्या प्रमाणीकरणात ‘आय’ स्वराचा स्तंभ वगळला गेला (टंकयंत्रावर चिन्हे मावावीत हे कारण सांगितले जाते). २०१९ मध्ये कॅनडातील इनुइटांच्या राष्ट्रीय संस्थेने सर्व बोलींसाठी एक रोमन लेखनपद्धती संमत केली. अक्षरलिपी वापरात आहेच.

संकलन : ग्रीनलंडमध्ये हिन्रिक रिंक या डॅनिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये लोकांना कथा व चित्रे पाठवण्याचे आवाहन केले. कांगेक येथील सील-शिकारी आरोन (१८२२–६९) तेव्हा क्षयाने अंथरुणाला खिळलेला होता. रिंकने पाठवलेल्या कागदांवर व रंगांनी त्याने जी चित्रे केली, त्यांत गोऱ्या वसाहतकारांशी झालेले जुने झगडे गावकऱ्यांच्या बाजूने दिसतात. त्यांतली बहुतेक १९८२ मध्ये कोपनहेगनहून ग्रीनलंडला परत आली. ग्रीनलंडमधील इलुलिस्सातला जन्मलेल्या क्नुड रासमुसेन या संशोधक-प्रवाशाला ही भाषा लहानपणापासून येत असल्याने ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या पाचव्या थूले मोहिमेत (१९२१–२४) त्याला दुभाष्याची गरज पडली नाही. त्याच्या नोंदींचे मोल त्यामुळेच अधिक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कायम वस्त्या आणि मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा यांमुळे सांगणारे व ऐकणारे यांची ताटातूट झाली. जतनाची सूत्रे त्यानंतर हळूहळू इनुइटांकडे आली. उत्तर क्वेबेकमधील नुनाविक प्रदेशात अवाताक ही सांस्कृतिक संस्था १९८० मध्ये स्थापन झाली, तर इग्लूलिक येथे वृद्धांच्या मुलाखती ध्वनिफितींवर घेण्याचे काम १९८६ पासून सुरू झाले. १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या कॅनडातील नुनावुत प्रदेशाने ‘इनुइट कौयिमायातुकांगित’ म्हणजे पूर्वापार चालत आलेले ज्ञान हे कारभाराचे तत्त्व मानले. मात्र बर्फावर चालून, सोबत राहून शिकायचे ज्ञान कार्यालयीन तक्त्यात बसवताना त्याचा जीव जातो, ही टीका वारंवार होते व ती निराधार नाही. ग्रीनलंडमधील ढोल-नृत्य व गायन २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. २०२२ मध्ये इनुइट परिध्रुवीय परिषदेने बाहेरच्या संशोधकांनी व संस्थांनी इनुइटांशी कसे वागावे याची नियमावली प्रसिद्ध केली.