एक्स्पीरियन्स कॉर्प्स

अमेरिकेतील सरकारी प्राथमिक शाळांमध्ये ज्येष्ठ नागरिकांना स्वयंसेवक म्हणून काम देणारा उपक्रम. बालवाडी ते तिसरीच्या मुलांना वाचनात मदत करणे हे या स्वयंसेवकांचे मुख्य काम. मुलांचे शिक्षण आणि म्हाताऱ्या माणसांचे आरोग्य ही दोन्ही उद्दिष्टे पहिल्यापासून एकत्र धरून आखलेला असा दुसरा उपक्रम क्वचितच सापडेल.

मूळ कल्पना जॉन गार्डनर यांची. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व शिक्षण खाते सांभाळलेल्या गार्डनर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली. तिला प्रत्यक्ष रूप दिले ते समाजकार्यातील मार्क फ्रीडमन आणि वार्धक्यातील आजारांच्या तज्ज्ञ डॉ. लिंडा फ्रीड यांनी. 1996 मध्ये पाच शहरांत प्रायोगिक काम सुरू झाले. त्यानंतर बॉल्टिमोर शहर आणि तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ हे या उपक्रमाच्या अभ्यासाचे केंद्र बनले.

फ्रीड यांचे निदान साधे होते. म्हाताऱ्या माणसाला ‘रोज चाला, डोक्याला चालना द्या, माणसांत मिसळा’ असे डॉक्टर सांगतात. चार दिवस ते पाळले जाते, मग सुटते. पण शाळेत एखादे मूल आपली वाट पाहत आहे हे ठाऊक असले, की माणूस गुडघे दुखत असले तरी निघतो. शाळेपर्यंत जाणे, जिने चढणे, मुलांची नावे आणि त्यांच्या अडचणी लक्षात ठेवणे, शिक्षिकेशी बोलून काम ठरवणे या सगळ्यांतून व्यायाम आपोआप होतो. उपक्रमाची रचना जाणीवपूर्वक अशीच केलेली आहे.

या रचनेतील कळीची गोष्ट म्हणजे कामाचे प्रमाण. बॉल्टिमोरमध्ये साठी ओलांडलेले स्वयंसेवक आठवड्याला किमान 15 तास, पूर्ण शालेय वर्षभर येत. एका शाळेत एकटादुकटा नव्हे, तर मोठा गटच नेमला जाई, त्यामुळे शाळेचे वातावरण बदले आणि स्वयंसेवकांची आपापसात मैत्री होई. कामाआधी प्रशिक्षण असे आणि प्रवासखर्चापुरते मानधन मिळे. हे मानधन फार महत्त्वाचे होते: बॉल्टिमोरचे बहुतेक स्वयंसेवक कृष्णवर्णीय होते, त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि अनेकांचे उत्पन्न बेताचे होते. बसभाड्यासाठी पदरमोड करावी लागली असती, तर यांतली कितीतरी माणसे आलीच नसती. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये शाळांमधून आजी-आजोबा दिवस साजरा करण्याचे ठरवले. तो प्रेमाचा सोहळा आहे आणि व्हावाच. पण वर्षातून एकदा झालेल्या भेटीने मूल वाचायला शिकत नाही, की आजोबांचे आरोग्यही सुधारत नाही. एक्स्पीरियन्स कॉर्प्सचे वेगळेपण नेमके इथे आहे. तिथे ज्येष्ठ माणूस पाहुणा नसतो, त्याच्या वाट्याला जबाबदारी येते.

तिसरीपर्यंतचीच मुले निवडण्यामागेही विचार आहे. तोवर ज्याला नीट वाचता येत नाही, ते मूल पुढे भूगोल, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणे अशा सगळ्याच विषयांत मागे पडत जाते.

परिणामांचा अभ्यास बराच झाला आहे. बॉल्टिमोरमधील 1999-2000 च्या प्राथमिक चाचणीत 128 ज्येष्ठ होते. काम करणाऱ्यांची शारीरिक हालचाल वाढली, टीव्हीपुढचा वेळ घटला आणि अडीनडीला हाक मारता येईल अशी माणसे वाढली. पुढच्या मोठ्या चाचणीत 702 जण होते आणि कोणाला काम द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले होते. त्यांतील काहींच्या मेंदूची चित्रे दोन वर्षे घेतली असता, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग काम करणाऱ्या पुरुषांत वाढलेला दिसला. एरवी या वयात तो आक्रसतो. स्त्रियांत हा फरक तितका ठळक नव्हता. मुलांबाबत वॉशिंग्टन विद्यापीठाने (सेंट लुईस) तीन शहरांत अभ्यास केला. स्वयंसेवकांकडे शिकलेल्या पहिली ते तिसरीच्या मुलांची वाचन-आकलनातील प्रगती इतरांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी अधिक आढळली.

मर्यादाही आहेत. स्वयंसेवकाला वाचनचाचणी द्यावी लागते आणि त्याची पोलीस पडताळणी होते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे हवेच, पण कमी शिकलेले ज्येष्ठ त्यामुळे बाहेर राहतात. आठवड्याला 15 तास हे अशक्त माणसांच्या आवाक्यातले नाहीत, म्हणजे ज्यांना एकटेपणा सर्वांत जास्त जाचतो त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत हा उपक्रम पोहोचत नाही. 2011 मध्ये एक्स्पीरियन्स कॉर्प्स हा ‘एएआरपी’ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय संघटनेचा भाग झाला.