'सात' की 'आत'? वाकलेल्या स्पीकरांचं गणित

मोकळ्या मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या काळ्या खोक्यांच्या माळा टांगलेल्या असतात; अशा माळेला 'लाइन अरे' म्हणतात. वरची खोकी जवळजवळ सरळ, खालची विळ्यासारखी आत वळलेली. "दिसायला छान म्हणून वाकवतात," असं परवा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला खात्रीने सांगितलं. तेवढ्यात मध्यंतर संपलं आणि उत्तर राहून गेलं. ते इथे देतो, कारण ध्वनिशास्त्रातली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे.

आधी सरळ स्तंभ घेऊ. सभागृहांच्या भिंतींवर उभ्या पट्टीसारखे स्पीकर असतात, तसा एक मीटर उंचीचा. तुम्ही लांबवर, बरोबर समोर बसलात तर त्यातल्या सगळ्या स्पीकरांचा आवाज जवळपास एकाच वेळी पोचतो आणि लाटांची बेरीज होते. बाल्कनीत गेलात की वरचा स्पीकर जवळ पडतो, खालचा लांब. हा फरक एका तरंगलांबीइतका झाला, की वरच्या अर्ध्यातल्या प्रत्येक स्पीकरला खालच्या अर्ध्यातला एकेक जोडीदार नेमका अर्ध्या लाटेने मागे सापडतो. उंचवट्यावर खोलगा पडतो आणि आवाज विरतो.

हे कोणत्या कोनात घडतं? ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, म्हणजे १००० हर्ट्झची लाट ३४ सेंटिमीटरची आणि ४००० हर्ट्झची जेमतेम ८.६. पहिलीसाठी तो कोन २० अंश येतो, दुसरीसाठी फक्त ५. 'स'चा सळसळाट बराचसा ४००० हर्ट्झच्या वर असतो. त्यामुळे बाल्कनीत स्वर पोचतात, 'स' पोचत नाही. 'सात' म्हटलेलं 'आत' ऐकू येतं. आवाज वाढवून हे सुटत नाही.

आता तोच स्तंभ वर्तुळाच्या कमानीत वाकवा, फुगीर बाजू श्रोत्यांकडे. कमानीचा जो भाग तुमच्या बरोबर समोर येतो, त्याच्या आसपास अंतरं फार हळू बदलतात, म्हणून तिथल्या लाटा जुळतात. दूरच्या भागात अंतरं झपाट्याने बदलतात आणि तिथल्या लाटा बहुतांशी एकमेकींना खोडतात. तुम्ही १० अंश वर सरकलात, तर कमानीचा दुसरा तुकडा समोर येतो आणि हाच हिशोब पुन्हा लागतो. सूर चढला की जुळणारा तुकडा लहान होतो, पण सगळ्यांसाठी सारखाच! वरच्या सुरांची ती घट इलेक्ट्रॉनिक्सने भरून काढता येते.

कमान टोकाला एकदम तुटते, तिथे मात्र गडबड होते. १९७८ मध्ये रॉजर्स आणि व्हॅन ब्यूरेन या अमेरिकन नौदलाच्या संशोधकांनी पाण्याखालच्या ध्वनियंत्रांसाठी उपाय मांडला: मध्याकडून टोकांकडे आवाजाची पातळी लेजाँद्र फलन नावाच्या गणिती सूत्रानुसार उतरवत न्या. मग ६० अंशांच्या कमानीतून सुमारे ३८ अंशांचा झोत मिळतो आणि ठरावीक कंपनसंख्येच्या वर तो बदलत नाही. पुढे डॉन कील यांनी हे तत्त्व लाउडस्पीकरांना लावलं.

मैदानातली माळ मात्र शुद्ध वर्तुळ नसते. मागच्या रांगांना जास्त ऊर्जा लागते, म्हणून वरची खोकी जवळजवळ एकाच दिशेला. पुढच्यांना कमी पुरते, म्हणून खालची फाकलेली. १९९२ च्या व्ही-डॉस्क या फ्रेंच लाइन अरेपासून ही पद्धत जगभर पसरली.

"लाइन अरे लावला की आवाज मैदानाबाहेर जात नाही" ही जाहिरातबाजी मात्र साफ चुकीची आहे. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटरची. तीन मीटरच्या माळेला ती आवरत नाही. शेजारच्या घरांच्या काचा थरथरतात त्या या खालच्या सुरांनीच.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मैदानावर गेलात, तर हे काम जवळून दिसेल. साउंडवाला दोन खोक्यांमधली पिन एकेका अंशाच्या भोकात बसवतो, साखळीच्या मोटरने माळ वर चढते. मग तो 'श्श्श' असा अखंड आवाज लावतो आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत जातो. जिथे तो 'श्श्श' बोथट होतो तिथे थांबतो, माळ खाली घेतो आणि एक पिन बदलतो.