पोटाचा रंग: १९४० च्या विमानचित्रांमागची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये ब्रिटिश आणि जर्मन हवाई दलांत झालेल्या ब्रिटनच्या हवाई लढाईचं नवं चित्र बाजारात आलं की जाणकारांची नजर आधी विमानाच्या पोटाकडे जाते. आकाश, ढग, धुराच्या रेषा हे सगळं नंतर. स्पिटफायर किंवा हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान वळण घेताना दाखवलं असेल तर पंखांची खालची बाजू दिसते, आणि तिथे चित्रकाराने कोणता रंग लावलाय यावर चित्र ‘अचूक’ की ‘चुकीचं’ हे ठरवून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. हा वाद हौशी मंडळींचा वाटतो, पण त्याचं मूळ जून १९४० मधल्या एका सरकारी आदेशात आहे. तो आदेश ज्या घाईत निघाला आणि ज्या अर्धवट रीतीने अमलात आला, त्यामुळे आज ८५ वर्षांनंतरही कुणाला ठाम उत्तर देता येत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. ब्रिटनमध्ये अधिकृत युद्धचित्रकार नेमण्याची सुरुवात १९१६ मध्ये झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काही चित्रकार स्वतः विमानात बसून रेखाटनं करू लागले आणि जमीन वरून पाहण्याची दृष्टी चित्रकलेत आली. त्या काळातल्या विमानांच्या रंगांबद्दल मात्र छायाचित्रं फसवतात. तेव्हाची बहुतेक फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिच्यावर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो, पिवळा गडद दिसतो आणि निळा फिकट पडतो. त्यामुळे ब्रिटिश विमानांवरच्या लाल-पांढऱ्या-निळ्या वर्तुळात बाहेरचं निळं कडं फिकं आणि मधला लाल ठिपका काळा दिसतो. दुसऱ्या महायुद्धातही काही छायाचित्रकार अशीच फिल्म वापरत होते. मे १९४० मध्ये धडावरच्या वर्तुळाभोवती पिवळं कडं घालायला सांगितलं गेलं. ऑर्थो फिल्मवर ते इतकं गडद येतं की ते आहे हेच काहींच्या लक्षात आलं नाही.

१९३९ च्या अखेरीस माहिती मंत्रालयाच्या आधाराने युद्धचित्रांसाठी एक समिती नेमली गेली. युद्ध संपेपर्यंत तिने सुमारे सहा हजार कलाकृती जमवल्या. हवाई दलाकडे दिलेल्या एका नामवंत निसर्गचित्रकाराने कोसळलेली जर्मन विमानं जणू सजीव प्राणी आहेत अशी जलरंगात रंगवली. हवाई मंत्रालयाला हवी होती वैमानिकांची व्यक्तिचित्रं आणि झुंजीची दृश्यं. डिसेंबर १९४० मध्ये त्याचा पगारी करार संपवण्यात आला. समितीने पुढच्याच महिन्यात हवाई युद्धावरच्या त्याच्या चित्रांसाठी पाचशे पौंड बाजूला काढले. ऑक्सफर्डजवळ काउली इथे रचलेल्या जर्मन विमानांच्या भंगारावरून त्याने केलेलं मोठं तैलचित्र १९४१ मध्ये पूर्ण झालं. ते आज त्या युद्धातल्या उत्तम चित्रांत गणलं जातं. यंत्र जसंच्या तसं दाखवायचं की युद्ध दाखवायचं, हा या क्षेत्रातला जुना तंटा तिथूनच सुरू होतो. बाजार पुढे मंत्रालयाच्या बाजूने गेला.

आता त्या आदेशाकडे. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश लढाऊ विमानांचं पोट दोन भागांत रंगवलेलं असे. डावा पंख खालून काळा, उजवा पांढरा. जमिनीवरच्या निरीक्षकांना आणि तोफखान्याला आपलं विमान ओळखता यावं, एवढाच हेतू. आकाशात मात्र ही रंगसंगती लपण्याच्या अगदी उलट काम करत होती. डंकर्कची माघार ४ जूनला संपली आणि ६ जून १९४० ला संदेश निघाला: लढाऊ विमानांची खालची बाजू ‘स्काय’ रंगाने रंगवावी. संदेशात रंगाचं नाव ‘स्काय टाइप एस’ असं होतं. बऱ्याच तळांनी हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. हा कोणता रंग, अशी विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं, बदकाच्या अंड्यासारखा निळसर हिरवा.

नावातल्या ‘एस’ने लोकांना आजही चकवलं आहे. अनेकांना ती रंगाची छटा वाटते. प्रत्यक्षात ‘एस’ म्हणजे गुळगुळीत आणि ‘एम’ म्हणजे मॅट, खरखरीत. हा प्रकार लेपाच्या पोताचा होता. खरखरीत थराने हवेचा अडथळा वाढतो आणि वेग घटतो, म्हणून ही विभागणी. त्यात भर म्हणजे त्याच काळात सरकारी यादीत ‘स्काय’, ‘स्काय ब्लू’ आणि ‘स्काय ग्रे’ असे तीन वेगळे रंग होते. पहिला पिवळसर हिरव्याकडे झुकणारा, दुसरा खरोखर फिकट निळा, तिसरा नौदलाच्या विमानांचा करडा. गोदामात काम करणाऱ्याच्या हाती ‘स्काय’ लिहिलेला आदेश आणि समोर ‘स्काय ब्लू’चे डबे असतील तर काय झालं असेल, हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही.

मूळ स्काय रंग लढाऊ विमानांसाठी जन्मलाच नव्हता. लंडनजवळ हेस्टन इथल्या छायाचित्र टेहळणीच्या तुकडीने आपल्या विमानांसाठी ‘कॅमोटिंट’ नावाचा फिकट हिरवट रंग खासगी उत्पादकाकडून बनवून घेतला होता. ब्लेनहाइम बाँबर विमानांवर तो आधी आला आणि तिथून लढाऊ विमानांकडे. त्यामुळे जूनमध्ये एकाच वेळी सगळ्या स्क्वाड्रनना पुरेल एवढा साठा नव्हता. विमान बनवणारे कारखाने, दुरुस्तीची केंद्रं आणि तळ या तिन्ही ठिकाणी ज्याला जे मिळालं ते त्याने वापरलं, किंवा हाताशी असलेल्या रंगांतून मिश्रण केलं. म्हणून त्या उन्हाळ्यात एकाच तळावर एक पोट हिरवट, दुसरं निळसर आणि तिसरं राखाडी असणं अशक्य नव्हतं. जूनच्या बदलात पंखाखालची वर्तुळंही गेली होती, ती ऑगस्टमध्ये परत आली. नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस डावा पंख पुन्हा खालून काळा करायला सांगितलं गेलं आणि तो प्रकार एप्रिल १९४१ पर्यंत चालला. शेपटीजवळचा स्काय पट्टा आणि त्याच रंगाचा स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोकदार टोपी) हेही त्याच हिवाळ्यातले. सप्टेंबर १९४० च्या झुंजीत शेपटीला फिकट पट्टा दाखवणारी चित्रं आजही विकली जातात. पोटाच्या छटेवर तावातावाने भांडणारे या पट्ट्याकडे बहुधा दुर्लक्ष करतात. छटेबद्दल खात्री देता येत नाही, पट्ट्याच्या बाबतीत मात्र देता येते.

पुरावा म्हणून लोक जमिनीतून निघालेल्या अवशेषांकडे बोट दाखवतात. कोसळलेली विमानं उकरण्याची लाट १९७० च्या दशकात जोरात होती. १९८६ च्या कायद्याने त्याला परवाना लागू झाला. या तुकड्यांवर हिरवट आणि निळ्या, दोन्ही छटा सापडतात. पण पेट्रोलच्या आगीत भाजलेला आणि काही दशकं चिकणमातीत किंवा चुनखडीत गाडलेला लेप मूळ रंग दाखवतोच असं नाही. तो धुतला, वाळवला की आणखी बदलतो. संग्रहालयातल्या विमानांवर तर नंतरचे थर चढलेले असतात. १९४० मधली ब्रिटिश लढाऊ विमानांची रंगीत छायाचित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतही फिल्मचा स्वतःचा रंगदोष वेगळाच. अशा परिस्थितीत एकच ‘खरी’ छटा ठरवून तिच्यापासून ढळणाऱ्या चित्राला नापास करणं म्हणजे धावपट्टीवर काय होतं ते सोडून कार्यालयातला कागद रंगवणं.

चित्रकाराची व्यवहारातली अडचण वेगळीच आहे. टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा यलो ऑकर आणि अगदी सुईच्या टोकाएवढा प्रशियन ब्लू घातला की स्कायच्या जवळ जाता येतं. प्रशियन ब्लू जरा जास्त झाला तर मिश्रण थेट पुदिन्याच्या चटणीकडे जातं आणि पांढरा ओतत बसावं लागतं. पण नमुना-पट्टीशी तंतोतंत जुळलेला रंग कॅनव्हासवर जवळजवळ नेहमीच चुकीचा दिसतो. उडत्या विमानाचं पोट सावलीत असतं आणि त्यावर खालचा प्रकाश परततो. इंग्लिश खाडीवर तो थंड निळसर, केंटच्या पिकलेल्या शेतांवर उबदार पिवळसर, ढगांच्या थरावर जवळजवळ पांढरा. शिवाय विमान दूर गेलं की मधली हवा रंग फिका करते. म्हणजे उत्तम मिसळलेला स्काय लावूनही तो त्या उंचीवर, त्या वेळी तसा दिसलाच नसता.

रंगापेक्षा इतर चुका सहज सिद्ध होतात. स्पिटफायरच्या पहिल्या मार्कमध्ये, म्हणजे आवृत्तीत, उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली लहान तेलशीतक असतो. दोन्हीकडे सारखे रेडिएटर दिसले तर ते नंतरचं मॉडेल आहे. बाजू उलटलेल्या असतील तर चित्रकाराने उलटं छापलेलं छायाचित्र समोर ठेवलं होतं. या स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, नंतरच्या स्पिटफायरमधल्या ग्रिफन इंजिनाचा उलट. पात्यांचा पीळ त्यानुसार हवा. पूर्ण शक्तीवर इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, गिअरमुळे पंखा सुमारे १,४३० म्हणजे सेकंदाला जवळपास २४. तेव्हा पाती वेगळी दिसण्याचा प्रश्न नाही. दिसते ती पारदर्शक चकती आणि पात्यांच्या पिवळ्या टोकांमुळे तिच्या काठावरची पुसट पिवळी कडा.

बंदुकांचंही तसंच. पंखातल्या आठ ब्राउनिंग मशीनगनच्या तोंडांवर धूळ आणि दमट हवा आत जाऊन यंत्रणा गोठू नये म्हणून लाल कापडाच्या चकत्या चिकटवत. पहिल्या गोळीला त्या फाटत. गोळ्या सुटताना दाखवून चकत्या अखंड ठेवल्या तर गफलत होते. पंखाखालून रिकाम्या काडतुसांची धार पडायला हवी आणि मागे काजळीचे पट्टेही. प्रत्येक बंदुकीत ३०० काडतुसं, म्हणजे सगळा मिळून सुमारे पंधरा सेकंदांचा मारा.

सर्वांत मोठी सवलत अंतराची घेतली जाते. अनुभवी वैमानिक सगळ्या बंदुकांच्या गोळ्या २५० यार्डांवर, म्हणजे साधारण २२९ मीटरवर, एकत्र येतील अशा लावून घेत. मेसरश्मिट १०९ चा पंखविस्तार ९.८७ मीटर, स्पिटफायरचा ११.२३. पाहणारा स्पिटफायरच्या ३० मीटर मागे आहे असं धरलं आणि ते कॅनव्हासवर ६० सेंटिमीटर रुंद रंगवलं, तर समोरचं जर्मन विमान फक्त ६ सेंटिमीटरचं यायला हवं. असं चित्र कोण भिंतीवर लावणार? म्हणून दोन्ही विमानं एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी दिसतात.

ही सवय खोक्यांनी लावली. १९५० च्या दशकात प्लास्टिकच्या जोडणी-विमानांचा धंदा वाढला आणि साठच्या दशकात खोक्यांवर खास काढून घेतलेली झुंजीची चित्रं आली. आतलं विमान तळहाताएवढं, बाहेर स्फोट आणि ज्वाळा. जर्मन कायद्यामुळे शेपटीवरचं स्वस्तिक पुढे खोक्यांवरून गायब झालं, त्यामुळे शेपट्या विचित्र रिकाम्या दिसतात. सत्तरच्या दशकापासून मर्यादित प्रतींच्या छापील चित्रांचा काळ सुरू झाला. खाली कोपऱ्यात प्रतीचा क्रमांक, चित्रकाराची सही आणि सोबत लढाईत उडालेल्या वैमानिकांच्या सह्या. किंमत त्या सह्यांवर ठरू लागली. सही पेन्सिलीत असेल तर टिकते, फायबर-टिप पेनातली उजेडात फिकी पडते. ऑफसेट छपाईतला किरमिजी रंग उडाला की चित्र हिरवं-निळं होत जातं, आणि पोटाच्या छटेबद्दल बोलायलाच नको. ब्रिटनच्या लढाईतल्या सुमारे २,९०० हवाई सैनिकांपैकी शेवटचा मार्च २०२५ मध्ये वारला. आता नव्या छापील चित्रावर तशी सही असेल तर ती आधी सुट्या कागदावर घेऊन ठेवलेली आणि नंतर माउंटमध्ये बसवलेली असते. विकणाऱ्याने ते सांगायला हवं. सगळेच सांगतात असं नाही.

आपल्याकडच्या नावांची विमानं या बाजारात अधूनमधून दिसतात आणि तिथे घोळ जास्त होतो. संस्थानांनी आणि शहरांनी दिलेल्या देणग्यांवरून ब्रिटिश स्क्वाड्रनना नावं मिळत. १५२ हैदराबाद (मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता), १२४ बडोदा, १३२ बॉम्बे. यांपैकी १५२ ही १९४० मध्ये डॉर्सेटमधल्या वॉर्मवेलहून लढली, तेव्हा तिच्या स्पिटफायरना स्काय पोट बरोबर आहे. बडोदा आणि बॉम्बे १९४१ मधल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिवसाच्या लढाऊ विमानांची रंगसंगती बदलली: वर हिरवा आणि करडा, खाली मिडियम सी ग्रे. या स्क्वाड्रनच्या नंतरच्या स्पिटफायरवर स्काय उरतो तो शेपटीचा पट्टा, स्पिनर आणि धडावरच्या ओळख-अक्षरांपुरता.

१५२ पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली, आणि तिथे स्कायपेक्षा लाल रंग अडचणीचा ठरला. जपानी विमानांवरचा लाल गोळा आणि ब्रिटिश वर्तुळातला लाल ठिपका घाईत सारखाच दिसे. म्हणून या आघाडीवर लाल काढून टाकला गेला आणि शेवटी गडद निळ्यात फिकट निळा असं लहान वर्तुळ रूढ झालं. भारतीय हवाई दलाच्या हरिकेन आणि स्पिटफायरवरही तेच होतं. १९४५ पर्यंत ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही आले. कोहिमा-इम्फाळच्या चित्रात लाल ठिपका दिसला तर चित्रकाराने युरोपातला संदर्भ उचललेला असतो. ही चूक सिद्ध करायला मातीत गाडलेला तुकडा लागत नाही, साधं कृष्णधवल छायाचित्रही पुरतं.