गोक्यो सरोवरांसाठी सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

नेपाळमधील गोक्यो सरोवरे सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, न्गोझुम्पा हिमनदीच्या पश्चिम कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,७०० ते ५,००० मीटर उंचीवर आहेत. बहुतेक पदयात्री ज्या सरोवरापाशी मुक्काम करतात ते तिसरे सरोवर, म्हणजे दूध पोखरी. उद्यानाची स्थापना १९७६ साली झाली, १९७९ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि २००७ मध्ये या सरोवरांना रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. उद्यानात परवान्याविना प्रवेश करण्यास नेपाळच्या १९७३ च्या राष्ट्रीय उद्यान व वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

परवान्यासाठी वयाची, अनुभवाची किंवा वैद्यकीय प्रमाणपत्राची अट नाही. दहा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क माफ आहे. इतरांचे शुल्क नागरिकत्वावर ठरते : भारतासह सार्क देशांच्या नागरिकांसाठी १,५०० नेपाळी रुपये आणि इतर परदेशी नागरिकांसाठी ३,००० नेपाळी रुपये असा दर असून त्यावर १३ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. म्हणजे भारतीय नागरिकाला १,६९५ नेपाळी रुपये मोजावे लागतात. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये या ठरलेल्या दराने ही रक्कम साधारण १,०६० भारतीय रुपये होते. दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी ते एकदा तपासून घ्यावेत. येथे पारपत्र कोणत्या देशाचे आहे हेच पाहिले जाते. कुटुंबातील कोणी अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) असले तरी त्यांना परदेशी दर लागू होतो आणि नेपाळचा व्हिसाही घ्यावा लागतो.

खरी अडचण परवान्यात नसून त्याआधीच्या ओळखपत्रात असते. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, मात्र विमानाने जाताना वैध पारपत्र किंवा निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ असावे लागते. देशांतर्गत प्रवासात सर्वत्र चालणारे आधार कार्ड येथे फक्त १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ग्राह्य धरले जाते, आणि नेमके हेच अनेकांना विमानतळावर पोहोचल्यावर कळते. १५ ते १८ वयोगटातील विद्यार्थ्यांकडे पारपत्र नसल्यास शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. आणखी एक बारीकशी गोष्ट : मतदार ओळखपत्रावर नुसते नाव आणि आडनाव, तर तिकिटावर मधे वडिलांचे किंवा पतीचेही नाव, असा फरक आपल्याकडे सर्रास आढळतो. तिकीट काढतानाच ओळखपत्र समोर ठेवून त्यावरील नाव जसेच्या तसे लिहावे. पारपत्र असेल तर तेच न्यावे. या प्रवासात त्याच्याइतके निर्वेध दुसरे कागदपत्र नाही.

परवाना दोन ठिकाणी मिळतो : काठमांडूत भृकुटीमंडप येथील नेपाळ पर्यटन मंडळाच्या कार्यालयात, किंवा थेट लुक्ल्याहून (जेथे काठमांडूहून येणारे विमान उतरते आणि पदयात्रा सुरू होते) पायी जाताना मोंजो येथील उद्यानाच्या प्रवेशद्वारावर. लुक्ल्याचे विमान हवामानामुळे अनेकदा लांबते हे लक्षात घेता मोंजोचा पर्याय अधिक सोयीचा, कारण तेथे परवाना प्रत्यक्ष पोहोचल्याच्या दिवशीच काढला जातो. ओळखपत्र दाखवून अर्जात नाव, नागरिकत्व आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा, शुल्क रोखीने द्यावे आणि परवान्यासोबत मिळालेली पावती जपून ठेवावी. नेपाळी चलन काठमांडूतच बदलून घ्यावे. पारपत्र आकाराची दोन-तीन छायाचित्रे आणि ओळखपत्राच्या छायाप्रती सोबत असाव्यात, कारण वाटेत छायाप्रत काढून मिळेलच याचा भरवसा नाही.

उद्यानाच्या परवान्याखेरीज खुंबू पासांग ल्हामू या स्थानिक पालिकेचा वेगळा परवाना लागतो, जो लुक्ला गावाच्या बाहेर पडताना किंवा मोंजोला मिळतो. नेपाळमधील इतर अनेक पदयात्रांना लागणारे टिम्स कार्ड, म्हणजे पदयात्रींच्या नोंदणीचे कार्ड, या भागात मागितले जात नाही. त्याची जागा या पालिका परवान्याने घेतली आहे. काठमांडूतील एखाद्या मध्यस्थाने टिम्सचे वेगळे पैसे मागितल्यास हे ध्यानात ठेवावे. परदेशी पदयात्रींनी परवानाधारक मार्गदर्शक घेण्याचा नियम नेपाळने एप्रिल २०२३ पासून जाहीर केला, तरी खुंबूच्या पालिकेने त्या वेळी तो आपल्या हद्दीत लागू केला नव्हता. तथापि, ज्यांना इतक्या उंचीचा अनुभव नाही त्यांनी नियमाची वाट न पाहता मार्गदर्शक घ्यावा, हे बरे.

गोक्यो री या सुमारे ५,३५० मीटर उंचीच्या टेकडीवर चढण्यासाठी किंवा रेंजो ला आणि चो ला या खिंडी ओलांडण्यासाठी स्वतंत्र गिर्यारोहण परवाना लागत नाही, कारण ते पदयात्रेचेच मार्ग मानले जातात. ड्रोन उडवायचा असेल तर मात्र नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाची आणि उद्यान प्रशासनाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. ती मोंजोच्या खिडकीवर मिळत नसल्याने काठमांडूतच मिळवावी लागते. विमा ऐच्छिक आहे, परंतु घ्यायचा झाल्यास पॉलिसीत किमान ५,५०० मीटरपर्यंतची पदयात्रा आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही स्पष्टपणे नमूद आहेत का, ते वाचून घ्यावे.

परवाना एकाच प्रवेशापुरता आणि अहस्तांतरणीय असतो. परतताना तो पुन्हा दाखवावा लागतो आणि बाहेर पडल्याची नोंद होते, म्हणून मोंजो मागे पडेपर्यंत तो पिशवीच्या तळाशी न टाकता हाताशी ठेवावा.