एकट्या फिंचला ‘कुठलीही’ सोबत चालत नाही

पिंजऱ्यात पाळलेल्या झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांच्या जोडीतला एक मेला की जळगाव-भुसावळकडे एकच सल्ला मिळतो: “दुसरा कुठलाही छोटा पक्षी टाका, करमतं त्याला.” हे खरं नाही.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा, थव्यात राहणारा, जोडी टिकवणारा. जोडीदाराला अगदी खेटून बसायचं, एकमेकांची पिसं साफ करायची, सतत हाकेला ओ द्यायची, हे त्याचं रोजचं जगणं. गोल्डियन फिंच असं खेटून बसत नाही. झेब्रा मागे लागला की तो बिचारा दाण्यापासूनही लांब राहतो. म्हणजे पिंजऱ्यात दोघं, आणि दोघंही एकटे. बंगाली फिंच सर्वांत सोशिक, पण तोही दुसरी पसंतीच. लव्हबर्ड तर नकोच, तो चावून पाय तोडू शकतो.

बाजारातली लाल मुनिया आणून सोडणं मला सर्वांत जास्त खुपतं. ती आपली रानातली; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिला पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे.

झेब्राला झेब्राच आणा. पिल्लं नको असतील तर दोन माद्या ठेवा. नवा पक्षी आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पिंजरा पत्र्याखाली टांगू नका.