चष्म्याने नंबर वाढत नाही

"पोरीला इतक्यात चष्मा नको, नंबर वाढतच जाईल," हे नागपुरात आजही घरोघरी ऐकू येतं. साफ चूक. लहान मुलांचा दूरचा नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा मागे लांबत गेल्यामुळे; १ मिलिमीटर लांबला की साधारण २.५ ते ३ नंबर. उलट २००२ मधल्या मलेशियातल्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचाच नंबर जास्त वेगाने वाढला.

हा दोष खेड्यापेक्षा शहरात जास्त, बऱ्याच पाहण्यांत मुलींमध्ये जास्त. उजेडात खेळणं कमी पडतं, हे त्यामागचं मोठं कारण. आपल्याकडची मे महिन्यातली दुपार सोडा, पण सकाळ-संध्याकाळ पोरींनाही मैदानावर जाऊ द्या. आणि डोळे बारीक करून, शेजारणीच्या वहीत बघून फळ्यावरचं उतरवणारी तिसरीतली पोरगी आळशी नाही. तिला फळाच दिसत नाहीये.