कारगिलची दोन मिग: एक पडलं, एक पाडलं

२७ मे १९९९. 'ऑपरेशन सफेद सागर'चा, म्हणजे कारगिल युद्धातल्या हवाई दलाच्या मोहिमेचा, दुसराच दिवस. कारगिलच्या बटालिक भागात हवाई दलाची दोन मिग विमानं थोड्याच वेळाच्या अंतराने कोसळली. दरवर्षी जुलैत, कारगिल विजय दिवसाच्या सुमारास, फिरणाऱ्या मेसेजमध्ये या दोन विमानांची आणि त्यांच्या वैमानिकांची, नचिकेता आणि आहुजा यांची, हमखास सरमिसळ होते. नचिकेतांचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं, आहुजा त्यांच्याबरोबर बॉम्ब टाकायला गेले होते, असं बरंच काही. पाकिस्ताननेही तेव्हा दोन्ही विमानं आपणच पाडल्याचं जाहीर केलं होतं, त्यामुळे घोळ जुनाच आहे.

फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता मिग-२७ उडवत होते. हे जमिनीवर मारा करायचं विमान. त्यांनी घुसखोरांच्या ठाण्यावर रॉकेटं सोडली, मग ३० मिलिमीटरची तोफ चालवली आणि इंजिन बंद पडलं. तोफ-रॉकेटांचा गरम धूर इंजिनात ओढला गेला की आत जाणाऱ्या हवेचं गणित बिघडतं, त्यात तिथली हवा मुळातच विरळ. मैदानावर असं झालं तर खाली येता येता इंजिन पुन्हा पेटवून बघायला उंची हाताशी असते. इथे खालचे डोंगरच पंधरा-सोळा हजार फुटांचे! त्यातून मिग-२७ला इंजिन एकच. प्रयत्न करूनही ते सुरू होईना, तेव्हा नचिकेता इजेक्ट झाले, म्हणजे आसनासकट बाहेर फेकले जाऊन पॅराशूटने उतरले. हे विमान शत्रूने पाडलेलं नाही.

स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं काम वेगळं होतं. सतरा क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे हे फ्लाइट कमांडर मिग-२१ घेऊन फोटो टेहळणीला निघाले होते. टेहळणीचं विमान मारा करून पसार होत नाही. फोटो नीट यायचे तर काही काळ सरळ, स्थिर उडावं लागतं, आणि जमिनीवरून नेम धरणाऱ्याला तेच हवं असतं. याची चुणूक सहाच दिवस आधी मिळाली होती. २१ मे रोजी टेहळणीवरच्या कॅनबेरा विमानाला याच परिसरात क्षेपणास्त्र लागलं होतं. त्याला दोन इंजिनं असल्याने एका इंजिनावर ते श्रीनगरला उतरू शकलं. (हे तिसरं विमानही कधीकधी आहुजांच्या गोष्टीत घुसवलं जातं.)

म्हणजे धोका आहुजांना ठाऊक होता. नचिकेता खाली उतरल्याचं कळल्यावर परत फिरायची मुभा असूनही ते तिथेच घिरट्या घालत राहिले, सुटकेच्या हेलिकॉप्टरांना नेमकी जागा कळावी म्हणून. तेवढ्यात खांद्यावरून डागलेलं स्टिंगर क्षेपणास्त्र लागलं. ते इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत येतं. मैदानावरून डागलं तर त्याची पोच साडेतीन किलोमीटर उंचीच्या आसपास, पण डागणाराच पाच हजार मीटरच्या कड्यावर बसला असेल तर एरवी सुरक्षित वाटणारी उंचीही टप्प्यात येते. काहीतरी आदळलंय, क्षेपणास्त्र असू शकतं, असं रेडिओवर कळवून आहुजाही इजेक्ट झाले.

पुढची गोंधळाची जागा म्हणजे दोघांचं काय झालं. नचिकेता पकडले गेले आणि ३ जूनला पाकिस्तानने त्यांना रेडक्रॉसच्या हवाली केलं. आहुजा विमानाबरोबर कोसळून गेले असं अनेकांना वाटतं, ते चूक आहे. परत आलेल्या पार्थिवावर गोळ्यांच्या जखमा होत्या. ते जिवंत उतरले होते आणि नंतर त्यांना मारलं, असं भारताचं म्हणणं, पाकिस्तानने ते नाकारलं. आहुजांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

महाराष्ट्राशी धागा इतकाच, की दोघंही खडकवासल्याच्या एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे), आणि मिग-२१, मिग-२७ ही दोन्ही विमानं नाशिकजवळ ओझरला बनत होती.

दुसऱ्या दिवशी, २८ मेला, हल्ल्यावर गेलेलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टरही स्टिंगरनेच पाडलं आणि त्यातले चौघं गेले. त्यानंतर हल्ल्याची हेलिकॉप्टरं मागे घेतली आणि लढाऊ विमानं स्टिंगरच्या टप्प्याच्या वरून उडू लागली. शत्रूच्या माऱ्यात त्यानंतर युद्ध संपेपर्यंत एकही विमान गेलं नाही.